वॉटर्लूचा गडगा

भांडण जपावं कसं हे ज्याला शिकायचं असेल, त्याने माझ्या बायकोच्या मामांकडे चार दिवस राहून यावं. भांडणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमच्या रत्नागिरीकडे ती जरा जास्त आहेत असं बाहेरचे लोक म्हणतात, आणि असं कोणी म्हटलं की आम्ही त्याच्याशी भांडतो. पण सर्वसाधारण माणसाचं भांडण म्हणजे सकाळी पेटलं, संध्याकाळी विझलं, फार तर आठवडाभर धुमसलं. मामांचं तसं नाही. त्यांनी आपलं भांडण हापूसच्या कलमासारखं वाढवलं. त्याला वेळच्या वेळी खतपाणी केलं, वाळवी लागू दिली नाही, आणि दर वर्षी मोहोर येतो आहे की नाही हे जातीने पाहिलं. भांडण होतं शेजारच्या घरात राहणाऱ्या थोरल्या चुलतभावाशी. सगळी वाडी त्या भावाला दादा म्हणते. मामा मात्र 'पलीकडचा' म्हणतात. पलीकडचा म्हणजे गडग्याच्या पलीकडचा. दोघांच्या आंब्याच्या बागांमधून, अंगणांच्या कडेने, जांभ्या दगडाचा एक गडगा जातो. चुना नाही, सिमेंट नाही, नुसते धोंडे एकावर एक रचलेले. हा गडगा मूळ जागेवरून हातभर सरकला आहे याबद्दल दोघांचं पूर्ण एकमत होतं. कुणाच्या बाजूला सरकला, एवढाच काय तो प्रश्न, आणि त्याचा निकाल लावायला कोर्टात दावा चालू होता.

बोलणं अर्थातच बंद होतं. पण बंद म्हणजे समोरासमोर बंद, आवाज चालू. लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा मला याची कल्पना नव्हती. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो आणि दादा गडग्यापलीकडे आपल्या फणसाखाली उभे होते. मामा मला म्हणाले, "जावईबापू, पलीकडे सांगा, तुमचं वासरू आमच्या अळवात शिरलंन म्हणावं." मी गोंधळून दादांकडे पाहिलं. दादा शांतपणे मलाच म्हणाले, "वासराला हद्द कळत नाय म्हणावं. गडगा जागेवर असता तर कळली असती." मी निरोप पोचवायला मान वळवून तोंड उघडलं, तोवर मामांचं उत्तर तयार होतं. जेवणाची पानं मांडली जाईपर्यंत मी नुसता इकडून तिकडे मान फिरवत होतो, आणि जेवताना मामींनी कौतुकाने सांगितलं की मला हे काम छान जमतं. जावई नसेल तेव्हा ते पोस्टमन करी, आणि पोस्टमन नसेल तेव्हा कुत्रा. "खंड्या, सांग त्याला," असं मामा ओरडले की खंड्या बिचारा शेपूट हलवी आणि दादा पलीकडून त्याला उत्तर देत.

तारखेच्या दिवशी दोघे एकाच एसटीने कोर्टात जात, कारण सकाळची गाडी तेवढी एकच. मामा आधी जाऊन खिडकी धरत आणि शेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवत. दुसऱ्या कुणी विचारलं तर "माणूस येतोय" म्हणत. दादा चढले की पिशवी मांडीवर येई, दादा बसत, आणि रत्नागिरीपर्यंत दोघे दोन दिशांना पाहत राहत. पुढची तारीख मिळाली की दोघांचेही चेहरे खुलत. दाव्यात एक रायवळ आंब्याचं झाडही होतं. ते नेमकं गडग्यातच उगवलेलं. त्याची फळं इतकी आंबट की माकडंसुद्धा एकदाच चावून टाकून देत, पण ती उतरवण्याचा हक्क कुणाचा यावर वकिलांनी जिवाचं रान केलं होतं. मामी मात्र दोन्ही बाजूंना पडलेल्या कैऱ्या गोळा करून लोणचं घालत आणि एक बरणी गडग्यावर ठेवत. दादांची बायको गेल्यापासून त्या रोज एक वाटी कालवणही ठेवत. वाटी ठेवताना मामा आभाळाकडे बघत. पाऊस येतो का ते पाहतोय, असं ते मला म्हणाले होते. तेव्हा एप्रिल होता.

आणि वर्षातून एकदा, गणपतीत, हा सगळा कारभार एका छपराखाली येई. भावकीचा गणपती एकच, आणि तो मूळ घरात, म्हणजे दादांच्या. भांडण असो, दावा असो, मामा चतुर्थीला सोवळं नेसून गडगा ओलांडणार आणि दादांच्या शेजारी उभे राहून आरती म्हणणार. दोघांचे आवाज खणखणीत. दादा आरती जरा ओढून म्हणतात आणि मामांना घाई. त्यामुळे प्रत्येक कडव्याच्या शेवटी मामा आधी पोचून ताटकळत उभे राहतात आणि झांज वाजवून निषेध नोंदवतात. वर्षभर एकमेकांशी न बोललेली ही दोन माणसं एकाच ताटातल्या कापराच्या ज्योतीवर हात धरून डोळ्यांना लावत, तेव्हा आम्ही पाहुणे उगाच घसा साफ करायचो.

गेल्या वर्षी शिमगा संपला आणि दादांना छातीत दुखायला लागलं. मुलगा येऊन त्यांना मुंबईला घेऊन गेला. डॉक्टरांनी प्रवास नको, दगदग नको आणि मुख्य म्हणजे चिडचिड नको असं बजावलं होतं. पलीकडच्या घराला कुलूप लागलं. आम्हाला वाटलं, मामांना आता रान मोकळं. पण आंब्याच्या ऐन हंगामात मामींचा माझ्या बायकोला फोन आला. "बाय, ह्यांचं काय खरं नाय. जेवत नायत धड. बागेत गडी काय करतात ते बघत नायत. संध्याकाळी गडग्याकडे तोंड करून बसतात आणि खंड्याशी पण बोलत नायत. त्यात मुंबईहून निरोप आलाय, दादांना ह्या वर्षी यायला जमणार नाय, गणपती तुमच्याकडे आणा. तुम्ही परदेशी जाताय ना? ह्यांना न्या सोबत." आमच्या यादीत युरोपातलं सगळं काही होतं, मामा नव्हते. पण मामींना नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या घरी राहिल्या आणि जूनमध्ये, आंबा आटोपल्यावर, मामा आंबापोळी आणि कोकमाचं आगळ घेऊन आमच्यासोबत विमानात बसले.

युरोपने मामांवर काही छाप पाडली असं म्हणता येणार नाही. ते बसच्या खिडकीतून शेतं पाहत आणि अस्वस्थ होत. मैलोन् मैल हिरवी जमीन, आणि मधे ना गडगा ना कुंपण. "ओळखतात कसे हे आपापलं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, नकाशे असतील. "नकाशे आमच्याकडे पण आहेत," ते खिन्नपणे म्हणाले आणि पुन्हा बाहेर पाहू लागले. जगप्रसिद्ध मनोऱ्यासमोर सगळे फोटो काढत होते तेव्हा ते खाली बाकावर बसून होते. फक्त एकदाच म्हणाले, "पलीकडच्याला उंच ठिकाणी चक्कर येते. त्याने नसतं बघवलं."

ब्रसेल्सच्या जवळ वॉटर्लू लागलं. आमच्या सहलीच्या मॅनेजरबाई ठाण्याच्या, हातात केशरी छत्री उंच धरून पुढे चालणाऱ्या. तिथला वाटाड्या म्हणजे पांढऱ्या मिशांचा एक बेल्जियन म्हातारा. तो इंग्रजीत सांगे आणि बाई मराठीत. फ्रेंचांचा बादशहा एकीकडे, इंग्रज आणि त्यांचे मित्र दुसरीकडे, अशी त्याने सुरुवात केली. मामांनी मला हळूच विचारलं, "यातला वादी कोण?" चाल करून आला तो बादशहा, मी म्हणालो. "मग तो वादी. सांगू दे पुढे." त्या क्षणापासून मामा शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखे ऐकू लागले. आदल्या रात्री धो धो पाऊस पडला, चिखलात तोफा हलेनात, म्हणून सकाळची लढाई दुपारवर गेली, असं म्हाताऱ्याने सांगितलं. "महिना कुठला?" मामांनी विचारलं. जून. मामांनी कपाळावर हात मारला. "मृगात कोण दावा लावतो? वकील तरी कसला त्याचा!" बाईंनी याचं भाषांतर काय केलं कोण जाणे, पण म्हाताऱ्याने मोठ्या आदराने मान हलवली.

मैदानाच्या मधोमध मातीची एक मोठी टेकडी आहे, माथ्यावर लोखंडी सिंह. आम्ही चढायला निघालो. मामा पायथ्याशीच थांबले. एवढी माती आणली कुठून, हा त्यांचा प्रश्न. इथलीच, म्हाताऱ्याने सांगितलं; इंग्रजांची फौज ज्या चढावर उभी होती तोच चढ खरवडून बायकांनी टोपल्यांनी माती वाहिली. मामांचा चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना पाणी द्यावं. आमच्याकडे शेजारच्या जमिनीतली पाटीभर माती उचलली तरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. "म्हणजे भांडणाची जागाच खणून काढलीन? आता मोजणी आली तर काय दाखवणार?" मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. जमीन सध्या कसतो कोण? शेतकरी कसतात, म्हातारा म्हणाला, गहू, बटाटे, बीट. ते त्या बादशहाचे वारस की इंग्रजाचे? कुणाचेच नाहीत. मामांनी माझ्याकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली. "कूळ लागलं!" ते म्हणाले. "दोघे भांडत राहिले आणि जमीन कुळाला गेली. जगात सगळीकडे हेच, जावईबापू!"

तिथून शेताच्या वाटेने आम्ही उगोमाँ नावाच्या जुन्या शेतघराकडे गेलो. वाटेत म्हातारा बादशहाची हकीकत सांगत होता. याआधीही एकदा तो हरला होता, त्याला एका बेटावर नेऊन ठेवलं होतं, सगळ्यांना वाटलं संपला. पण तो परत आला. मामा थबकले. "बेटावर खायला-प्यायला नीट होतं?" होतं. "देखभाल करायला माणसं?" तीही होती. "मग परत कशाला आलान?" म्हाताऱ्याने खांदे उडवले. त्याच्या जागेवर दुसरा बसला होता, तो म्हणाला. ते त्याला बेटावर बसून सहन झालं नाही. मामा मागे हात बांधून, मान खाली घालून चालत राहिले.

उगोमाँ म्हणजे एक बाग, बागेला लाल विटांची भिंत, आणि एक मोठं फाटक. दिवसभर माणसं त्या भिंतीसाठी आणि त्या फाटकासाठी मेली. युरोपात आल्यापासून पहिल्यांदा मामांना कुंपण दिसलं आणि तेही जांभ्याच्या रंगाचं. ते भिंतीच्या कडेकडेने चालू लागले, मधेच एक डोळा मिटून ओळंबा धरल्यासारखं पाहू लागले. बाकीचे फाटकाची गोष्ट ऐकत होते. एवढ्यात कुणीतरी जोरात ओरडलं. पाहतो तर मामा भिंतीपाशी वाकलेले, हातात वीट, आणि तिथला रखवालदार त्यांच्याकडे धावत येतोय.

लोक जमले. रखवालदाराला वाटलं, पाहुणा आठवण म्हणून वीट पळवतोय. मामांनी वीट भिंतीत बसवली आणि ते ताठ उभे राहिले. "बाई, याला सांगा, वीट पडली होती, ती मी जागेवर बसवत होतो. आमच्याकडे पडलेला धोंडा दिसला तर माणूस पुढे जात नाय. मग गडगा कुणाचा का असेना. आणि जिथून पडली तिथेच ठेवली. तसूभर इकडे नाय, तसूभर तिकडे नाय. बघून घ्या म्हणावं." बाईंनी सांगितलं. रखवालदाराने भिंत पाहिली, मामांकडे पाहिलं, आणि तो ओशाळून हसला. म्हाताऱ्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवून काही विचारलं. बाई म्हणाल्या, "ते विचारतायत, तुमच्या घरीही अशी भिंत आहे का?"

"आहे," मामा म्हणाले. मग हाताला लागलेली विटेची माती झटकत म्हणाले, "पण पलीकडे कुणी नाय."

बाईंनी त्याचं भाषांतर केलं नाही. मी उगाच दूरच्या बटाट्याच्या शेताकडे पाहू लागलो. परतताना बसमध्ये मामांनी आंबापोळीचा डबा उघडला, सगळ्यांना वाटली आणि स्वतः दोन तुकडे खाल्ले.

श्रावणात एका सकाळी माझ्या बायकोने फोन माझ्यापुढे धरला. भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक फोटो आला होता. मामांना साधा फोन लावता येत नाही. गड्याकडून काढून घेतलेला असणार. फोटोत गडगा होता, पण जागेवर नव्हता. चांगला हातभर दादांच्या अंगणात घुसला होता, अगदी फणसाच्या दिशेने. आणि त्याच्यासमोर मामा उभे होते, एक पाय धोंड्यावर, एक हात सदऱ्याच्या गुंड्यांत खुपसलेला, थेट वॉटर्लूच्या दुकानात मांडलेल्या बादशहाच्या पुतळ्यासारखे. खाली मजकूर काही नव्हता. त्याची गरजही नव्हती; गटात दादांचा मुलगा होता.

आम्ही गाडी काढून वाडीत पोचलो तेव्हा मामी रडकुंडीला आल्या होत्या. "भर पावसात सगळे धोंडे हलवलेन! दादांना डॉक्टरने चिडायचं नाय सांगितलंय. काय कमीजास्त झालं म्हणजे?" मामा ओटीवर बसून सुपारी कातरत होते. "तिथे नुसता बसून पण व्हायचंच ते," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "मुंबईहून काय फोन?" मी नाही म्हणालो. त्यांनी सुपारी तशीच ठेवून दिली. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि आम्ही मुक्कामाला राहिलो.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशी फाट्यावरून रिक्षा आली. आधी काठी उतरली, मग दादा, मग त्यांना धरायला धडपडणारा मुलगा. केवढे वाळले होते दादा! सदरा अंगावर लोंबत होता. पण ते घराकडे वळलेसुद्धा नाहीत. काठी टेकत थेट गडग्यापाशी आले आणि डावीकडून उजवीकडे त्यांनी तो पाहून घेतला. मामा आपल्या अंगणात उभे होते. शेवटी दादांनी मला शोधून काढलं.

"जावईबापू, ह्याला लाज नाय म्हणावं!"

मामांच्या छातीतून सुटकेचा असा काही श्वास बाहेर पडला की तो मला ऐकू आला. "खुर्ची द्या म्हणावं त्याला," ते माझ्यावर खेकसले. "उभा कशाला राहतोय!" मी खुर्ची गडग्यावरून पलीकडे दिली. "खुर्ची कुणाची?" दादांनी विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता बसले. मग मामांनी धोतराचा काचा मारला आणि आपणच हलवलेले धोंडे आपणच परत आणायला सुरुवात केली. गडी पुढे झाला तर त्याला हाकलून लावलं. दादा काठीने दाखवत होते. अजून मागे सार म्हणावं. तो चपटा खाली म्हणावं. दुपार कलेपर्यंत हे चाललं. मामा कधी मुद्दाम बोटभर चुकवत आणि दादा काठी आपटत. गडगा मूळ कुठे होता हे जगात त्या दोघांनाच ठाऊक होतं, आणि दाव्यात काय लिहिलंय याची दोघांपैकी एकालाही त्या दिवशी आठवण झाली नाही. शेवटचा धोंडा बसला तेव्हा मामी वाटी घेऊन आल्या, गडग्यावर ठेवली, आणि मामांनी आभाळाकडे पाहिलं. तेव्हा मात्र पाऊस खरंच आला होता.

दादा गणपती होईपर्यंत राहिले. मुलाने डॉक्टरांना फोन करून कशीबशी परवानगी काढली. मूर्ती मूळ घरात बसली. दादांना उभं राहवत नव्हतं, म्हणून ते पाटावर बसून आरती म्हणत होते, पूर्वीपेक्षाही ओढून, मधेमधे दम घेत. मामांनी झांज हातात घेतली होती. पण ते एकदाही पुढे गेले नाहीत. प्रत्येक कडव्याला दादांच्या मागे मागे, जपून, त्यांचा शब्द पुरा होईपर्यंत थांबत राहिले.

विसर्जनानंतर मुलाने परतीच्या एसटीची तिकिटं काढली. आम्ही फाट्यावर सोडायला गेलो. पाऊस उघडला होता. दादा खिडकीत बसले, मी खिडकीखाली उभा होतो, आणि मामा माझ्या मागे जरा लांब. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा मामा मोठ्याने म्हणाले, "जावईबापू, पुढच्या गणपतीच्या आधी गडगा आणखी हातभर पलीकडे नेणार आहे म्हणावं!"

दादांनी खिडकीच्या गजाला धरून मान जरा बाहेर काढली. "हात लावून बघ म्हणावं," ते म्हणाले.

गाडी वळणाआड गेली. मामांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं, आणि त्यात इंजिनाची घरघर. "काय म्हणालान?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते समाधानाने हसले. चार पावलं चालले आणि पुन्हा थांबले.

"आवाजात जोर होता ना त्याच्या?"

खिडकीला लागून उभा असूनही मला कान देऊन ऐकावं लागलं होतं.

"होता तर," मी म्हणालो. "चांगला खणखणीत होता."

मामांनी मान हलवली, छत्री उघडली आणि ती पार डोळ्यांवर ओढून घेतली. पाऊस थांबून बराच वेळ झाला होता. आम्ही घराच्या वाटेला लागलो.